डाव्या कानाच्या सात मेंढ्या

बारामती,
२० नोव्हेंबर १९९६

आबा,

झुंबरचा पायाला हात लावून नमस्कार. पत्र वाचून दाखवायला मोहनराव गुरुजी शेजारी बसले असतील, त्यांनाही नमस्कार. गुरुजी, आबांना ऐकू चांगलं येतं. शाळेतल्यासारखं ओरडून वाचू नका.

दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "माझा कळप तुज्या मशिनीत घालून ठिव." घातला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. आता मेंढरांच्या अंगाला एमआयडीसीतल्या दूधभुकटीचा वास यायला लागला, तर मला बोल लावू नका.

कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली थंडगार असते. खिडक्या कायम बंद, आणि काचेवर बाहेरून भुकटीचा पांढरा थर. दुपारी राजवर्धन सर जेवायला गेले की मी आणि पंख्याची घरघर, दुसरं कोणी नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकामागून एक उमटत जातात. तुमच्या मेंढ्यांची नावं लिहिताना मला डुलकी लागल्यासारखं झालं. हिरवं दिसतंय ते नीरेकाठचं गवत आहे आणि पडद्यात कुठेतरी घंटी वाजते आहे असं वाटत राहिलं. भानावर आले तेव्हा अठ्ठावीस मेंढ्या लिहून झाल्या होत्या.

सरांनी नवीन शिकवलं आहे. रोजचे तेच ते हुकूम एका फाईलीत एकाखाली एक लिहून ठेवायचे. मग फाईलीचं नुसतं नाव घेतलं की मशीन सगळे हुकूम ओळीनं पाळतं. तिला बॅच फाईल म्हणतात. तुमच्या कळपाची मी तशी फाईल केली. एका मेंढीला एक ओळ: आधी 'हे उमटव' असा हुकूम, मग मेंढीचं नाव, मग कानाची खूण, मग कान डावा की उजवा. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीजवळ बसून तुम्ही मातीत काठीनं खुणा काढून दाखवल्या होत्या, त्या तिन्ही मला या मशिनीच्या बटणांवर सापडल्या. माझ्या आईच्या सात मेंढ्यांची खाच म्हणजे बाणाचं टोक, >. गोजरआजीच्या बारा जणींची दोन भोकं आणि मधे तिरकी चीर म्हणजे टक्क्याची खूण, %. उरलेल्या चोवीस जणींची फुली, +. ज्यानं ही बटणं केली त्याच्या घरी मेंढरं असणार.

सोबत छापलेला कागद आहे. कामाची पाळी संपत आली होती, बस पकडायची होती, म्हणून यंत्रातून निघाला तसा घडी घालून पाकिटात टाकला आहे.

सावळाराम मामांचा खोकला कसा आहे? दिवाळीत वाघरीच्या तोंडाशी उभे राहून सारखे खोकत होते. बिडी सोडा म्हणावं, माझं नाव सांगून.

तुमची,
झुंबर


निरवांगी,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. झुंबर हिस तिच्या आजोबांचे, म्हणजे आबाजींचे, अनेक आशीर्वाद. लेखनिक मोहनराव, सेवानिवृत्त शिक्षक.

तुझा कागद आला त्या दिवशी पहाटे मला स्वप्न पडले. कळप नीरेच्या काठाने परतत होता. पाणी निवांत होते आणि धुके इतके होते की मेंढ्यांचे पायच दिसत नव्हते, नुसत्या पाठी तरंगत येत होत्या. मी वाघरीच्या तोंडाशी बसून एकेक आत घेत होतो. तुझ्या आईची मोरी आली. तिने डावा कान हलविला आणि आत न शिरता ती कुंपणाच्या कडेने दुसऱ्याच वाटेला लागली. तिच्यामागून काजळी गेली, हरणी गेली, अशा साती जणी गेल्या. मी हाका मारिल्या, परंतु एकीनेही मान वळविली नाही.

दुपारी टपाल आले. गुरुजींनी कागद वाचिला. नावे छत्तीस. मी त्यांना पुन्हा वाचावयास सांगितले, तरी छत्तीसच. तुझ्या आईची एकही मेंढी त्यांत नाही. तुझ्या आजीच्या बारा जणींची नावे आहेत, परंतु त्यांच्या कानांवर खूण नाही. त्यांच्या खुणा काय मांजराने नेल्या?

तुझी आई जन्मली तेव्हा घरात चौथी मुलगी झाली म्हणून माझ्या आईने तिचे नाव नकोशी ठेविले. मी तेव्हा घरात लहान, आईपुढे बोलण्याची प्राज्ञा नव्हती. परंतु त्याच दिवशी मी एका कोकराच्या डाव्या कानाला खाच मारिली आणि ते तिच्या नावाने कळपात सोडिले. तिला या घरात कोणी नको म्हणू नये म्हणून. ती गेली, पण त्या कोकराचा वेल सात मेंढ्यांपर्यंत आला. त्या तुझ्या हक्काच्या होत्या.

सावळाराम रोज सायंकाळी मला सांगतो, "त्रेचाळीस भरल्या." कागद म्हणतो छत्तीस. मशिनीला माझ्याशी खोटे बोलण्याचे काय कारण? त्याने तुझ्या सात मेंढ्यांस बाजार दाखविला काय, हे मी त्यास तोंडावर विचारिले. तो एक शब्द बोलला नाही. जो बोलत नाही तो कबूल आहे, असे मी समजतो. मी त्यास घरातून जा म्हणालो. यापुढे त्याचे मुखदर्शनही नको.

तू काळजी करू नये. थंडी आहे, अंगभर पांघरूण घेत जावे.

आबाजी


बारामती,
३ डिसेंबर १९९६

आबा,

आधी मामांना परत बोलवा. पुढचं मग वाचून घ्या.

त्यांनी काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं. मेंढपाळाची नात असून मी कागद पाकिटात घालताना ओळी मोजल्या नाहीत. तुमचं पत्र वाचलं. तशीच पळत कॉम्प्युटरच्या खोलीत गेले.

आबा, स्वप्नात तुम्ही जे पाहिलंत, अगदी तेच मशिनीत घडलं होतं. > ही खूण मशीन वाचत नाही, पाळतं. त्याला ती वाटेची पाटी वाटते: जे उमटवायचं ते इथं उमटवू नको, बाण दाखवतो तिकडे ने. आणि बाणापुढे मी 'डावा' लिहिलं होतं. मशिनीनं आपल्या पोटात 'डावा' नावाची एक नवीच वाघर बांधली आणि आईच्या मेंढ्या कागदावर न आणता तिकडे वळवल्या. मी ती फाईल उघडली तर आत एकटी चितरी उभी. हा बाण नव्या मेंढीला आत घेताना आधीचीला बाहेर हाकलतो. सगळ्यांत शेवटी लिहिली होती चितरी, म्हणून तेवढी राहिली. हिरव्या अक्षरांतलं ते एकच नाव बघून मला रडू आलं आणि हसूही आलं.

आजीच्या मेंढ्यांचंही तेच. % ही मशिनीला आपल्या कामाची खूण वाटते, ते ती गिळून टाकतं. दोनदा लिहिली तर एक गिळतं आणि एक बाहेर ठेवतं.

राजवर्धन सरांनी माझी ओळ बघितली आणि म्हणाले, "तू तुझ्या मनातलं लिहिलंस, त्यानं त्याच्या मनातलं केलं. जे जसंच्या तसं पोचायला हवं त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्ह लाव. मग ते आतल्या अक्षरांना हात लावत नाही." मी आईच्या साती ओळींना अवतरणं लावली, आजीच्या खुणा दोनदा लिहिल्या. या वेळी साती जणी निमूट कागदावर आल्या. अवतरणाची चिन्हंही सोबत उमटली आहेत, दोन्ही बाजूंना कोवळी शिंगं फुटल्यासारखी. ती मी खोडली नाहीत.

नवा कागद सोबत आहे. त्रेचाळीस. तीनदा मोजला.

तुमची,
झुंबर

(दुसरी चिठ्ठी, फक्त गुरुजींसाठी. मोठ्यानं वाचू नये.)

गुरुजी, एक गोष्ट मला झोपू देत नाही. आबा आपलं मेंढरू अर्ध्या कोसावरून ओळखायचे. मग कागद छत्तीस म्हणाला तर ते उठून वाघरीत बघायला का गेले नाहीत? दिवाळीत त्यांनी मला नावं सांगितली तेव्हा ते अंगाशी येईल त्या मेंढीचा कान दोन बोटांत धरून बसत होते. मला वाटलं माया करतायत. खरं काय ते कळवा.


निरवांगी,
८ डिसेंबर १९९६

चि. झुंबर,

आशीर्वाद. हे पत्र माझे आहे, आबाजींना याची खबर नाही.

तुझी शंका खरी आहे. दोन वर्षे होत आली, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. उजेड-अंधार समजतो, त्यापलीकडे काही नाही. मला त्यांनी शपथ घातली होती. सावळारामास कळले तर तो कळप विकेल आणि आपणास खाटेवर बसवील, अशी त्यांची भीती. पायाखालची वाट पाठ आहे, तेवढ्यावर त्यांनी हे दिवस काढले. बिथरलेले मेंढरू आंधळ्याला धरू देत नाही, कोणीतरी धरून द्यावे लागते. आणि 'धरून दे' म्हणावे तर गुपित फुटते. म्हणून त्यांनी कागदावर विश्वास ठेविला.

आता माझी चूक सांगतो. शिक्षकाची सवय, कोणी सांगितलेले मी शुद्ध करून लिहितो. गेल्या पत्रात मी 'मुखदर्शनही नको' असे लिहिले. ते शब्द माझे. आबाजी प्रत्यक्षात म्हणाले होते: "सावळ्याचं त्वांड बघायचं न्हाय. पर बघायला डोळं तरी कुठं हायती?" दुसरे वाक्य मी गाळिले. ते लिहिले असते तर तुला तेव्हाच सारे समजले असते. मनाला लागून राहिले आहे.

तुझा दुसरा कागद मी त्यांना वाचून दाखविला. त्यांनी सात नावे पुन्हा पुन्हा वाचावयास लाविली. मग म्हणाले, पोरगी मामाला पाठीशी घालतीय, कागद काय कसाही काढता येतो. तेव्हापासून भाकरी पुढ्यात तशीच राहते. सावळाराम कोऱ्हाळे बुद्रुकला बायकोच्या, कुशाबाईच्या, माहेरी गेला आहे, तिच्या भावांच्या उसात राबतो. मेंढरांची देखभाल मी आणि शेजारचे करतो. मी मोजल्या तर त्रेचाळीस भरतात, परंतु आबाजी म्हणतात, तुम्हीही पोरीला सामील; आणि बिथरलेले मेंढरू धरून देणे मला जमत नाही. तू काहीतरी कर.

मोहनराव


बारामती,
१६ डिसेंबर १९९६

आबा,

मला सगळं कळलं आहे. गुरुजींवर रागावू नका, मी त्यांना खोदून विचारलं.

काल सुट्टी होती. कोऱ्हाळ्याला गेले. मामा उसाला पाणी देत होते. पाटाच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे. उसाच्या सावलीत सगळं हिरवं आणि मुकं होतं, पाणी तेवढं कुठेतरी बोलत होतं. मी बांधावर बसले आणि म्हणाले, "मामा, आबांना दिसत नाही."

त्यांनी फावडं खाली ठेवलं. ते जे सांगतील ते तुम्हाला लिहू का, असं मी विचारलं. मग म्हणाले, "लिव्ह. पर पदरचं काय घालू नगंस." म्हणून ते अवतरणात लिहिते आहे. गुरुजी, याला तुम्हीही हात लावू नका.

"मला ठावं हाय. दोन वर्सं झाली. आबा एक डाव उंबऱ्याम्होरच्या घागरीला धडकलं, तवा कळलं. तवापास्नं मी घरातली कंची बी वस्तू जाग्यावरनं हालवली न्हाय. मोरीच्या गळ्यात घंटी बांधली, म्हंजी कळप कुठं चाललाय ते त्यास्नी कळावं. सांजंला वाघरीच्या तोंडाशी हुबा ऱ्हातो न खोकतो, म्हंजी त्वांड कुठं हाय ते कळावं. बिडी तर मी कवाच सोडली."

मी म्हणाले, मग त्या दिवशी साती मेंढ्या त्यांच्या हातात का नाही दिल्या? त्यावर मामा म्हणाले:

"कशा दिऊ? कान चाचपून बघा म्हणलो आसतो, तर ह्याला समदं ठावं हाय हे आबास्नी कळलं आसतं. कुनाला कळू नगं म्हणून दोन वर्सं त्यो मानूस सरळ चालतोय. त्यो भरम म्या मोडू? मला चोर म्हणलं तर म्हणू दे. चोर म्हणून घेतल्यानं कुनाचं डोळं जात न्हाइत."

एवढंच. मग ते फावडं उचलून पाणी वळवायला गेले.

आबा, तुम्ही ज्यांच्यापासून लपवत होता ते तुमच्यासाठी दोन वर्षं वाटेवर उभे होते, आणि कळप विकायचा असता तर कधीच विकला असता. मला तुमचा राग येतो आहे, मामांचाही येतो आहे, आणि तुम्हा दोघांना एका जागी बसलेलं बघावंसं वाटतं आहे. या पाकिटात छापलेला कागद नाही. दुधाच्या भुकटीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आहे. त्याच्या एका कडेला मी कातरीनं सात खाचा मारल्या आहेत. बोट फिरवून बघा. त्या तुम्हाला कोणी वाचून दाखवायला नको.

झुंबर


निरवांगी,
४ जानेवारी १९९७

चि. झुंबर, खाली अवतरणात आहे ते सर्व आबाजींचे. मी फक्त लेखणी धरली आहे. मोहनराव.

"झुंबरे, गुरुजी आता माझ्या बोलण्याला हात लावत न्हाइत. मगाशी शिंकलो तर इचारत्यात, ही बी लिवू का.

तुजं पत्र आलं त्या दिशी दोनदा वाचाय लावलं. मग पुठ्ठा हातात घिऊन बसलो. सात खाचा. बोट जातंय न येतंय. कागद खोटा निघंल, मानूस खोटा निघंल, पर खाच काय खोटी निघत न्हाय. तुजी आय पोटावर पालथी पडायला शिकली तवा मी असाच तिच्या कोकराच्या कानावनं बोट फिरवत बसायचो. समदं आठवलं.

दुसऱ्या दिशी गुरुजींच्या खांद्याला धरून यष्टीत बसलो न कोऱ्हाळ्याला गेलो. सावळ्या बांधावर हुबा व्हता म्हनं. मला समदं ताकावानी. मी हाक मारली न्हाय. कुठल्या तोंडानं मारू? नुसता हुबा ऱ्हायलो. जरा येळानं त्यो खोकला.

मग म्या त्या खोकल्याच्या अंगानं चालत गेलो. त्याच्या तोंडावनं हात फिरवला. गालाची हाडं वर आल्याती. दाढी वाढलीया. दोन वर्सांत माझ्या पोराचं त्वांड कसं झालंय ते मला त्या दिशी कळलं. मी रडलो, कशाला लपवू? लपवून लपवून दमलो. त्यो बी रडला. गुरुजी म्हणत्यात त्ये रडले न्हाइत, पर नाक शिंकरल्याचा आवाज मला आला.

घरी आलो. सांजंला सावळ्यानं एक एक मेंढी माझ्याम्होरं धरली. मोरी, काजळी, हरणी, भुरी, पिवळी, लाडी, चितरी. साती हायती. तुज्या आजीच्या बारा बी हायती, कुनाच्या मांजरानं काय नेलं न्हाय. म्या समद्या त्रेचाळीस मोजल्या, माझ्या हातानं. दोन वर्सांत पैल्यांदा.

आन आयक. परवा हरणीला कोकरू झालं, मादी. काल खाच मारली. कातर माझ्या हातात दिली न सावळ्यानं वरनं माझा हात धरला. तुज्या आयच्या आता आठ झाल्या. मशिनीत घाल, ती शिंगं लावून घाल.

डोळ्याचं म्हणशील तर पुढल्या महिन्यात बारामतीला यिऊन दावतो. डागदर उघडून देतील तर देतील. न्हाय दिलं तरी आता लपवायचं काय न्हाय, म्हणून जीव हालका झालाय. स्वप्न बी पुन्यांदा पडलं. तसंच धुकं, तशाच पाठी तरंगत आलेल्या. मोरी दारात आली, कान हालवला न आत आली. तिच्यामागं समद्या.

एक ऱ्हायलं. सावळ्या अजून सांजंला वाघरीच्या तोंडाशी हुबा ऱ्हातो न खोकतो. म्या म्हणलं, आता कशाला खोकतूस, मला ठावं हाय तू तितं हायेस. तरी खोकतो. म्या काय आता बोलत न्हाय. खोकू दे. ग्वाड वाटतंय."